सोल्नहोफेनचा चुनखडक: थर उकलायचे कसे, जीवाश्म राखायचे कसे, शिळा छापायची कशी

शिळाप्रेसवर छापलेली जुनी पोथी चाळताना आपण कागद बघतो, शाई बघतो. ज्या शिळेवरून ते छापलं ती कुठली, हे सहसा कोणी विचारत नाही. एकोणिसाव्या शतकात जगभरच्या छापखान्यांना उत्तम शिळा पुरवल्या त्या मुख्यतः जर्मनीतल्या बव्हेरियात, आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यात, सोल्नहोफेन गावाभोवतीच्या खाणींनी. याच खाणींच्या पट्ट्यात १८६१ मध्ये आर्किओप्टेरिक्स या आद्य पक्ष्याचा सांगाडा निघाला: अंगावर पिसं, जबड्यात दात आणि मागे हाडांची लांब शेपटी. दगड छापायलाही चांगला आणि जीवाश्म राखायलाही चांगला, हा योगायोग नाही. दोन्हींच्या मुळाशी दगडाचा कमालीचा बारीक कण आहे, आणि तो कण ज्या निपचित पाण्यात बसला ते पाणी.

खाणीत छिन्नी चालवायची असो की घरी शिळा घोटायची, सुरुवात थर ओळखण्यापासून करावी लागते.

फ्लिन्त्स आणि फॉइले

सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, जुरासिक काळाच्या अखेरीस, हा मुलूख उबदार उथळ समुद्राखाली होता. स्पंज आणि सूक्ष्मजीवांनी रचलेल्या टेकाडांमधे तळाशी खोलगट कुंडं तयार झाली होती. उघड्या समुद्राशी त्यांची ये-जा कमी. कुंडाच्या तळाचं पाणी जास्त खारट, म्हणून जड, आणि त्यात प्राणवायू जवळजवळ नाही. तिथे मढी कुरतडायला किंवा चिखल उकरायला कोणी जगतच नव्हतं. वादळात ढवळलेला चुन्याचा बारीक गाळ कुंडात उतरायचा आणि तळाशी पडलेल्या प्राण्यावर चादर घालायचा. त्यामुळे थर एकात एक मिसळले नाहीत, आणि आज ते पुस्तकाच्या पानांसारखे सुटतात.

खाणकामगार दोन थर नावानं ओळखतात. फ्लिन्त्स म्हणजे शुद्ध, टणक, बारीक पोताचा चुनखडक. त्यात कॅल्शियम कार्बोनेट ९५ टक्क्यांहून जास्त असतं आणि जाडी काही मिलिमीटरपासून सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत. फॉइले म्हणजे दोन फ्लिन्त्सच्या मधला मातकट, पापुद्र्यांचा, मऊ थर. त्यात चिकणमाती जास्त असते आणि पाऊस-थंडी लागली की तो आपोआप भुगतो. फरक कळत नसेल तर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकून बघा. दोन्ही फसफसतील, पण फॉइलेवर थेंब विरल्यावर मातीचा करडा डाग उरतो, फ्लिन्त्सवर जवळजवळ काही उरत नाही. ही परीक्षा कोऱ्या तुकड्यावरच करायची. जीवाश्मावर आम्ल टाकलं तर तो तिथेच खरवडला जातो.

खाणीच्या भिंतीत मधेच एखादा पट्टा वेडावाकडा, घड्या पडलेला दिसतो. दगड होण्याआधी तो ओला गाळ उतारावरून घसरला होता. तिथे छिन्नी झिजवण्यात अर्थ नाही, थर सरळ सुटत नाहीत आणि आतलं काही धड मिळत नाही.

जाता जाता एक खुलासा. आपली शहाबादी फरशीही थरांचा चुनखडकच. पण ती कितीतरी जुनी, हाडा-कवचांचे प्राणी अवतरण्याआधीची. तिच्यात मासा शोधत बसू नये.

खाणीत जाताना

चालू खाणीत बाहेरच्यांना प्रवेश नसतो. हौशी लोकांसाठी पैसे भरून जाता येतील अशा खाणी आइश्टेटजवळ ब्लुमेनबर्गला, सोल्नहोफेनला आणि म्यूलहाइमला आहेत. सापडलेली वस्तू कोणाची, दुर्मीळ निघाली तर कळवायची कोणाला, हे प्रत्येक खाणीचं वेगळं असतं. फाटकावरची पाटी आधी वाचा. म्यूलहाइमचे थर किंचित नंतरच्या काळातले, जास्त टणक आणि जाड आहेत, तिथे जड हत्यार लागतं. पहिल्यांदाच जात असाल तर ब्लुमेनबर्ग बरं.

सामान थोडंच, पण नेमकं हवं. साधारण अर्धा किलोची हातोडी. ३ ते ४ सेंटिमीटर रुंद, पातळ धारेची चपटी छिन्नी. टोकदार छिन्नी नको, ती थर उघडत नाही, फोडते. मऊ रुंद ब्रश, जुनी वर्तमानपत्रं, कायमच्या शाईचा पेन, १० पट मोठं दाखवणारं भिंग, गुडघ्याखाली घ्यायला जाड गादी. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. या दगडाची कपची काचेसारखी धारदार उडते. पांढऱ्या दगडावरून ऊनही दुप्पट अंगावर येतं. आणि खाणीच्या उभ्या भिंतीखाली बसायचं नाही, सावली कितीही छान असली तरी.

थर उकलणं

ढिगातून लादी निवडताना २ ते ५ सेंटिमीटर जाडीची घ्या. कडेकडे बघा: बारीक समांतर रेषा दिसल्या तर ती आत आणखी सुटणार आहे. रेषा नसलेली घट्ट लादी सुटत नाही, तुटते. एक-दोन हिवाळे बाहेर काढलेल्या लाद्या नवशिक्याला सोप्या जातात, कारण थरांत शिरलेलं पाणी गोठून फुगतं आणि निम्मं काम करून ठेवतं.

लादी उचलून हातोडीनं हलकेच वाजवा. स्वच्छ टणत्कार आला तर ती अखंड आहे. बद्द आवाज आला तर आत आडवी भेग आहे किंवा थर आधीच सुटलाय. अशी लादी छिन्नी न लावता नखानं, फार तर सुरीच्या पात्यानं उघडून बघायची.

अखंड लादी कडेवर उभी करा, खाली माती किंवा वाळूची पिशवी. छिन्नीची धार थराच्या रेषेत बरोबर बसवा आणि हलके ठोके द्या: एका जागी दोन, मग दोन बोटं पुढे, पुन्हा दोन. एक कड झाली की लादी फिरवा. चारही बाजूंनी एक फेरा झाला की दुसरा फेरा किंचित जोरात. आवाज बदलू लागतो, खणखणीतचा पोकळ होतो. तिथे थांबायचं, छिन्नी रेषेत तशीच ठेवून किंचित पिळायची, म्हणजे दोन पानं अलग होतात. घाईनं एकाच जागी जोर लावला की थर सुटण्याऐवजी लादी आडवी मोडते, आणि मोडते ती नेमकी जीवाश्मातून, कारण दगडाचा कमकुवत भाग तोच.

दोन्ही पानं उलटून बघायची, आणि वरच्या पानाची खालची बाजू आधी. इथल्या जीवाश्मांची एक खोड आहे: खरा अवशेष बहुतेकदा वरच्या थराच्या तळाला चिकटून, किंचित उंचवट्यावर असतो, आणि खालच्या पानावर त्याचा ठसा राहतो. म्हणून फोडण्याआधी प्रत्येक लादीवर पेननं वरच्या दिशेचा बाण काढून ठेवा. नंतर कोणता भाग वरचा होता हे आठवणीवर सोडलं तर अर्धी माहिती गेली. जोडीचा ठसाही टाकू नका. हाडाचा एखादा तुकडा हमखास त्यातच अडकलेला असतो.

सापडलं की लगेच खरवडू नये. मोडलेले सगळे तुकडे, अगदी नखाएवढेही, गोळा करून वेगळ्या कागदात बांधा, वर ठिकाण, थर आणि तारीख लिहा. गाडीत लाद्या काचेच्या तावदानांसारख्या उभ्या रचायच्या, मधे कागद. आडव्या रचल्या तर खालची लादी पहिल्याच खड्ड्यात जाते.

सापडलं ते काय आहे?

या खडकातून ६०० हून जास्त जाती नोंदल्या गेल्यात, तरी दिवसभर फोडून हाती काही न लागणं हीच इथली रीत. ज्यात प्राणी सडून नाहीसे होत नाहीत अशा पाण्यात प्राणी राहतही नाहीत. जे आहेत ते बाहेरून वाहून आलेले.

आइश्टेटच्या बाजूला सगळ्यात जास्त मिळतं ते साकोकोमा: पोहणारं, देठ नसलेलं छोटं सागरी लिलीवर्गातलं प्राणीरूप. मधोमध मसुराएवढी बैठक आणि भोवती कुरळे बारीक हात, कोळ्यासारखं दिसतं. त्याखालोखाल लेप्टोलेपिडीस हा बोटभर लांबीचा मासा. पाठ धनुष्यासारखी मागे वाकलेली असेल तर चकित होऊ नका, इथल्या माशांत ते नेहमीचं आहे. शेवयांच्या गुंत्यासारखं काही दिसलं तर ती बहुधा विष्ठा. तीही जपून ठेवा, तिच्यात साकोकोमाचे तुकडे सापडतात.

अमोनाइट, म्हणजे गुंडाळीदार कवचाचा नामशेष सागरी प्राणी, याच्या बाबतीत नवखे लोक गोंधळतात. त्याचं कवच अरागोनाइट या खनिजाचं, ते विरघळून जातं आणि उरतो फक्त चपटा गोल ठसा. पण त्याचे जबड्याचे दोन शिंपल्यासारखे भाग कॅल्साइटचे असल्यामुळे टिकतात. म्हणून पुसट गोल ठशाजवळ एकदम ठसठशीत जोडशिंपला दिसतो. तो वेगळा प्राणी नव्हे.

मेसोलिम्युलस या नालखुरी खेकड्याचा माग तर नुसता सापडला तरी बघण्यासारखा. विषारी तळावर येऊन पडलेला हा प्राणी थोडं चालतो, वळतो, मरतो, आणि मागाच्या टोकाला तो स्वतः असतो. असा सुमारे साडेनऊ मीटरहून लांब माग नोंदला गेलाय.

आणि मग ज्याला नवखे सगळ्यात जास्त फसतात ते: काळी-तपकिरी नेच्याची पानं. ती वनस्पती नव्हे. भेगेतून झिरपलेल्या पाण्यातली मँगनीज आणि लोखंडाची ऑक्साइडं अशी फांद्या फुटल्यासारखी पसरतात. ओळख सोपी आहे. नक्षी भेगेपासून किंवा कडेपासून सुरू होते, पानाला मधली शीर नसते, आणि बोट फिरवलं तर उंचवटा अजिबात लागत नाही. दिसायला सुंदर असते, भिंतीवर लावायला हरकत नाही.

शंका असेल तर अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा लावून बघा. हाडं आणि कोळंबीवर्गीयांची कवचं फॉस्फेटयुक्त असल्यामुळे उजळतात, दगड मंद राहतो. साध्या प्रकाशात न दिसणारे पंखाचे काटे, स्नायूंच्या खुणासुद्धा कधी कधी उमटतात. अतिनील अडवणारा चष्मा घालूनच हे करायचं. मोठमोठे तज्ज्ञही या दगडात चकले आहेत: आर्किओप्टेरिक्सचा एक नमुना बरीच वर्षं काँप्सोग्नॅथस या छोट्या डायनोसॉरच्या नावानं ठेवलेला होता, आणि १९७३ मध्ये त्याची खरी ओळख पटली. घरच्या कपाटातल्या लादीकडे पुन्हा एकदा बघायला हरकत नाही.

सफाई

लादी आधी सावलीत आठवडाभर सुकू द्या. मग ब्रश, आणि जिथे गरज तिथे ओला कापूस. पाण्याखाली धरायची नाही, फॉइलेचा पापुद्रा चिखल होऊन हाडासकट निघून येतो.

वरचा दगड काढायला दाभणाएवढी पोलादी सुई पकडीत घट्ट बसवा आणि १० ते २० पट मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली काम करा. सुई दगडाशी अगदी तिरकी, जवळजवळ आडवी धरायची आणि जीवाश्मापासून बाहेरच्या दिशेनं ढकलायची. योग्य कोनात असली की दगड पापुद्र्यानं उडतो, आणि हाड वेगळ्या रंगाचं, किंचित चमकदार, खाली उघडं पडतं. सुई उभी धरली की दगडावर पांढरे ओरखडे उमटतात. ते कधीच जात नाहीत, आणि बाजारात अशी लादी लांबूनच ओळखू येते.

भुगणाऱ्या हाडावर पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखं द्रव्य अॅसिटोनमध्ये ५ टक्के विरघळवून थेंबथेंब सोडा. नंतर नको वाटलं तर अॅसिटोननंच काढता येतं, हा त्याचा मोठा गुण. लादीचे मोठे तुकडे जोडायला इपॉक्सी, आणि जोडण्याआधी कडा कोरड्या बसवून बघायच्या, चिकटवल्यावर मागे फिरता येत नाही. वर चमक यावी म्हणून वॉर्निश लावणं हा सगळ्यात वाईट सल्ला. ते पिवळं पडतं, अतिनील प्रकाशात स्वतःच चमकतं आणि खालचं सगळं झाकतं. व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर यातलं काहीही जवळ आणू नका.

विकत घेतानाही दिवा आणि अॅसिटोनच कामाला येतात. रंगवलेला भाग कापसाच्या बोळ्यावर उतरतो, भरलेला डिंक दिव्याखाली वेगळ्या रंगात दिसतो. एका माशाचं डोकं आणि दुसऱ्याची शेपटी अशी जोडकामं असतात. पाठीच्या कण्याची रेषा भेगेशी सलग आहे का, एवढं बघितलं तरी बहुतेक पकडली जातात.

फरशी आणि छप्पर

रोमन काळापासून हा दगड फरशीला वापरला जातोय. घरात तो उत्तम, घासून गुळगुळीत होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. उघड्यावर, जिथे हिमवर्षाव होतो तिथे, मात्र थरात पाणी शिरून पापुद्रे सुटतात. त्या भागातल्या जुन्या घरांची छपरं याच्याच पातळ लाद्यांची आहेत. लाद्या खिळ्यांनी ठोकत नाहीत, एकीवर एक नुसत्या ठेवतात, म्हणून छपराचा उतार कमी आणि वासे भक्कम ठेवावे लागतात.

शिळाछपाई

१७९६ मध्ये आलोइस झेनेफेल्डर या नाटककारानं, नाटकं स्वस्तात छापता यावीत म्हणून खटपट करताना, या दगडाचा खरा उपयोग शोधला. तत्त्व एवढंच: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. साबण-मेणाच्या खडूनं दगडावर काढलं की त्यातली स्निग्धाम्लं चुन्याशी जोडली जाऊन तेलकट जागा तयार होते. उरलेल्या दगडाला डिंक धरून ठेवतो, आणि डिंक पाणी धरून ठेवतो. शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त तेलकट जागी बसते.

शिळा निवडताना रंग बघा. पिवळसर शिळा मऊ, रेषाकामाला चालते. निळसर करडी शिळा घट्ट, नाजूक छटांना तीच हवी. पांढरी शीर, कॅल्साइटचा चकाकता ठिपका किंवा भेग चित्राच्या जागी नको. जाडी ७ ते १० सेंटिमीटर असावी, आणि चारही कोपरे व मध्य कॅलिपरनं मोजून बघायचे. एक मिलिमीटरचाही फरक दाबाखाली महागात पडतो. सोल्नहोफेनची चांगली शिळा आज सहज मिळत नाही, मोडली तर बदली नाही.

घोटताना शिळा ओली करा, चमचाभर ८० किंवा १०० नंबरची कार्बोरंडम पूड टाका आणि लोखंडी चकती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवा. पूड करड्या लापशीसारखी दाट झाली की धुवायची, नवी टाकायची. दोन-तीन फेरे झाले की १८० नंबर, मग २२०. दर वेळी शिळेच्या बाजू आणि चकतीसुद्धा धुवायची, कारण ८० नंबरचा एकच कण २२० च्या फेरीत आला की आडवा चरा पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून. सपाटी बघायला पोलादी पट्टी आडवी ठेवून खाली वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्या ओढा. मधली पट्टी सहज सरकली तर मधे खळगा आहे. शेवटी चारही कडा कानशीनं गोल करा, नाहीतर प्रत्येक छापावर काळी चौकट येते.

चित्र उलटं काढायचं. हाताचा तळवा शिळेला लागू द्यायचा नाही, दोन्ही बाजूंना ठोकळे ठेवून वर फळी टाकावी आणि तीवर हात टेकवावा. बोटाचा तेलकट ठसा आता दिसत नाही, पण छापात नक्की दिसतो.

मग राळेची पूड, त्यावर शंखजिऱ्याची पूड हलकेच चोळा. पातळ मधाएवढ्या दाट अरबी डिंकाच्या ३० मिलिलीटर द्रावणात नायट्रिक आम्लाचे थेंब घाला: फिकट छटांना शून्य ते पाच, मध्यम छटांना दहाच्या आसपास, गडद भागांना पंधरा ते वीस. पिवळ्या शिळेला यापेक्षा कमी. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, आणि आधी शिळेच्या कोपऱ्यावर करून बघायचं. काही क्षणांनी बारीक बुडबुडे यावेत, फेस उसळता कामा नये. तीन ते पाच मिनिटांनी मलमलीनं पुसून अगदी पातळ थर ठेवा आणि रात्रभर सुकू द्या.

दुसऱ्या दिवशी टर्पेंटाइननं चित्र पुसायचं. चित्र दिसेनासं होतं, ते तसंच व्हायला हवं. तेलकट जागा दगडातच आहे. त्यावर डांबराचा पातळ हात, मग पाण्यानं डिंक सैल करून स्पंजनं ओलावा आणि शाईचा रूळ. शिळा एक क्षणही कोरडी पडू द्यायची नाही. पार्श्वभूमी करडी होऊ लागली तर शाई वाढवू नका. थांबा, स्पंज फिरवा, मग रूळ भराभर आणि हलक्या हातानं चालवा, चढलेली शाई उचलली जाते. तरी हटली नाही तर डिंक कमी पडला होता. उलट फिकट छटाच गायब असतील तर आम्ल जास्त झालं, त्याला इलाज नाही. चित्र पूर्ण भरलं की पुन्हा राळ, शंखजिरं आणि सौम्य डिंकाचा दुसरा हात, आणि मगच छपाई. प्रेसचा दाब पहिल्या दोन-तीन कागदांवर हळूहळू वाढवायचा, आणि दाबपट्टी शिळेच्या कडेच्या आत सुरू होऊन आतच थांबली पाहिजे.

काम मधेच थांबवायचं असेल तर शाई भरलेल्या शिळेवर डिंकाचा हात देऊन ठेवा. हा थर पातळच हवा. जाड राहिलेला डिंक सुकताना तडकतो आणि जाताना दगडाचा वरचा कण, म्हणजे चित्रच, सोबत उचलून नेतो.